गोधडी भिंतीवर टांगली की काय होतं?

पीएचडीला नुकतंच रजिस्ट्रेशन झालेल्या किंवा पेट-नेटची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने हा सल्ला ऐकलेला असतो : "आधी तंत्र शिका. दुसऱ्यांनी केलंय ते जसंच्या तसं करून बघा. ओरिजिनल काय ते नंतर बघू." सल्ला अगदीच चुकीचा नाही. पण त्यात एक शिडी गृहीत धरलेली आहे. खालच्या पायरीवर नियम, वरच्या पायरीवर स्वातंत्र्य. खाली हात चालतात, वर डोकं.

मागच्या वर्षी मी क्विल्टिंग शिकायला लागलो, तेव्हा हीच शिडी पुन्हा भेटली. क्विल्ट म्हणजे थोडक्यात तीन थर : वर तुकडे जोडून केलेलं कापड, मध्ये काहीतरी उबदार, खाली अस्तर, आणि तिन्हींना एकत्र धरणारे टाके. नवशिक्यांसाठीचे बहुतेक कोर्स आणि पुस्तकं एकाच वाटेने नेतात. सुरुवातीला 'पारंपरिक' ब्लॉक मापात शिवायचे, आणि हात बसला की शेवटी 'क्रिएटिव्ह' प्रकल्प करायचा. पारंपरिक हस्तकलेपासून सर्जनशील कलेपर्यंत, असा तो प्रवास.

आजचा लेख या एका वाक्यावरची टीका आहे. मी भौतिकशास्त्रातला माणूस, कला-इतिहासातला नाही. पण हे वाक्य कसं तयार झालं ते शोधायला गेलो, तेव्हा आपण संशोधनात करतो त्याच चुका तिथे सापडल्या : दिसण्यावरून निष्कर्ष काढणं, सॅम्पल आपणच निवडून मग त्यात पॅटर्न सापडला म्हणून खूश होणं, आणि ज्यांच्याकडून डेटा मिळाला त्यांचं नाव गाळणं. म्हणून हे तुमच्यासाठी लिहितोय.

तेवीस सूत कुठे गेलं?

सुरुवात माझ्या पहिल्या चुकीपासून करतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

नवशिक्याला बहुतेक वेळा 'नाइन पॅच' देतात. अडीच इंचाचे नऊ चौकोन, तीन गुणिले तीन असे जोडायचे. कडेने पाव इंच माया सोडायची (शिवणीत जाणाऱ्या जास्तीच्या कापडाला शिंपी 'माया' म्हणतात). प्रत्येक चौकोन शिवून झाल्यावर २ इंचाचा दिसतो, ब्लॉक ६ इंचाचा. असे ८ ब्लॉक एका रांगेत जोडले की दोन्ही टोकांची माया धरून साडेअठ्ठेचाळीस इंच भरायला हवेत.

माझी रांग भरली साडेपंचेचाळीसच्या किंचित वर. जवळपास तीन इंच गायब!

कारण शोधायला अर्धा दिवस गेला. मी मशीनच्या प्रेशर फूटची कड म्हणजेच पाव इंच असं धरून चाललो होतो. ती पाव इंचापेक्षा थोडी जास्त होती. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. माया हवी होती २ सूत, माझी जात होती अडीच सूत. एका शिवणीत दोन कापडं, म्हणजे दर शिवणीला १ सूत जास्तीचं गेलं. रांगेत २४ चौकोन, म्हणजे २३ शिवणी. तेवीस सूत म्हणजे २.८७५ इंच. हिशोब जुळला.

आता यातलं फिजिक्स बघा. माझा हात कधी इकडे, कधी तिकडे असा चुकला असता, आणि दर शिवणीची चूक साधारण एक सुताचीच असती, तर चुका एकमेकींना काही प्रमाणात खोडून काढत. तेव्हा एकूण चूक २३ च्या वर्गमूळाच्या पटीत वाढली असती, म्हणजे सुमारे ४.८ सूत, अर्ध्या इंचाच्या जरा वर. ती ओढूनताणून खपली असती. पण माझी चूक सतत एकाच दिशेने होती. रँडम एरर आणि सिस्टिमॅटिक एरर यांतला फरक मी एमएस्सीला पाठ केला होता. तो हाताला कळला इथे.

इथपर्यंत शिडी खरीच वाटते, नाही का? नियम पाळला नाही म्हणून फजिती झाली. आधी नियम शिका, मग स्वातंत्र्य घ्या.

मावशींची पद्धत

ती आखूड रांग घेऊन मी आमच्या हॉस्टेलच्या मेसमधल्या मावशींकडे गेलो. त्या दुपारच्या मोकळ्या वेळात गोधडी शिवतात. त्या 'वाकळ' म्हणतात, साताऱ्याकडच्या आहेत. रांग बघून त्या हसल्या. म्हणाल्या, "एवढं मापून, कापून, परत जोडायचं कशाला? खाली लुगडं आंथर की."

मग त्यांची पद्धत बघितली. खाली एक जुनं सुती लुगडं ताणून अंथरतात. त्यावर जुन्या कपड्यांचे थर. सगळं हलू नये म्हणून मोठे तात्पुरते टाके. मग वर एकेक ठिगळ ठेवायचं, कड आत दुमडायची आणि धावदोरा घालायचा. तो धावदोरा ठिगळही बसवतो आणि खालचे थरही एकत्र धरतो. पुढचं ठिगळ किती मोठं? उरलेली जागा असेल तेवढं. मी मोजपट्टी पुढे केली, तर म्हणाल्या, "जागा दिसती नव्हं डोळ्यानं?"

तांत्रिक भाषेत सांगायचं तर, माझी पद्धत एकामागे एक मोजमापांची साखळी होती. आधीच्या कडीतली चूक पुढे जाते आणि साठते. मावशींच्या पद्धतीत मूळ लांबी-रुंदी खालच्या लुगड्याने ठरवलेली असते, आणि प्रत्येक ठिगळ समोरची जागा बघून कापलं जातं. आधीच्या ठिगळात काही चुकलं असेल तर पुढचं ते भरून काढतं. चूक साठतच नाही. आपण ज्याला फीडबॅक म्हणतो तो इथे प्रत्येक पावलाला आहे.

आणि म्हणूनच प्रत्येक पावलाला निर्णय आहे. मी अर्धा तास बसलो तेवढ्यात त्यांनी एक चकचकीत सिंथेटिक तुकडा बाजूला टाकला, कारण तो सुईखाली सरकतो आणि घाम शोषत नाही. अंगाला लागणारी बाजू जुन्या मऊ सुताची ठेवली. कडेला, जिथे ओढाताण जास्त होते, तिथे पँटचं जाड कापड लावलं. एक हिरवं ठिगळ ठेवलं, परत उचललं. "दोन हिरवी शेजारी नकोत." यातलं कुठलं तंत्र आणि कुठली कला, ते मला वेगळं काढता येईना.

आता शिडीकडे परत बघा. कोर्समध्ये ज्याला 'पारंपरिक' पायरी म्हणतात, ती मापं पाळण्याची आहे. समोरची जागा बघून कापणं, म्हणजे तिकडे ज्याला 'इम्प्रोव्ह' म्हणतात, ते शेवटच्या 'क्रिएटिव्ह' पायरीवर. मावशी पहिल्या दिवसापासून तेच करतात, आणि त्यांच्या कामाला आपण म्हणतो 'पारंपरिक'. म्हणजे शिडीच्या पायऱ्या शिवण्याच्या पद्धतीवरून ठरलेल्या नाहीत. मग कशावरून ठरल्या? यासाठी अमेरिकेत जावं लागतं, कारण क्विल्ट भिंतीवर टांगून तिला 'कला' म्हणण्याची ठळक सुरुवात तिथे झाली.

१९७१ : पांढरी भिंत

१९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये 'अॅबस्ट्रॅक्ट डिझाइन इन अमेरिकन क्विल्ट्स' हे प्रदर्शन भरलं. जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हान डर हूफ या दोघा संग्राहकांनी गोळा केलेल्या सुमारे ६० क्विल्ट पांढऱ्या भिंतींवर चित्रांसारख्या टांगल्या होत्या. पलंगाचा, घराचा, वापराचा संदर्भ मुद्दाम काढून टाकलेला. फक्त आकार आणि रंग बघा, असा आग्रह. प्रदर्शन गाजलं. अमूर्त चित्रकारांनी विसाव्या शतकात जे केलं, ते या बायकांनी आधीच केलं होतं, असं लोक म्हणू लागले.

या प्रदर्शनाचं श्रेय नाकारायचं कारण नाही. घरातली जुनी क्विल्ट गाडीवर झाकायला वापरणारे लोक तिच्याकडे थांबून बघू लागले. एखादी वस्तू तिच्या रोजच्या जागेवरून उचलून वेगळ्या उजेडात ठेवली की नवं काही दिसतं, हे आपण प्रयोगशाळेतही करतोच.

माझी तक्रार पद्धतीबद्दल आहे. संग्राहकांनी प्रामुख्याने तुकडे जोडून केलेल्या, भौमितिक क्विल्ट निवडल्या. फुलंपानं कापून वर शिवलेल्या, म्हणजे अॅप्लिक प्रकारच्या क्विल्टांना त्यात जवळजवळ जागा नव्हती, कारण त्या आधुनिक चित्रांसारख्या दिसत नव्हत्या. बऱ्याच बायकांच्या लेखी मात्र पाहुण्यांसाठी काढून ठेवायची, जीव ओतून केलेली क्विल्ट तीच असायची. म्हणजे बघा : अमूर्त चित्रांसारख्या दिसणाऱ्या वस्तू निवडायच्या, आणि मग त्या अमूर्त चित्रांसारख्या दिसतात याचं आश्चर्य करायचं. याला आपण सिलेक्शन बायस म्हणतो. तुमच्या थिसिसमध्ये हे असेल तर व्हायवाला पहिला प्रश्न यावरच येईल.

दुसरी गोष्ट नावांची. त्यातल्या बहुतेक क्विल्ट व्यापाऱ्यांच्या हातून आल्या होत्या. कुठल्या राज्यातली, साधारण कुठल्या काळातली, एवढं कळत होतं. शिवणारीचं नाव बहुतेक वेळा नाही. १९७३ मध्ये पॅट्रिशिया मेनार्डी यांनी 'फेमिनिस्ट आर्ट जर्नल'मध्ये 'क्विल्ट्स : द ग्रेट अमेरिकन आर्ट' हा निबंध लिहिला, आणि नेमकं यावर बोट ठेवलं. अनेक बायका आपल्या क्विल्टवर नाव आणि तारीख टाकत होत्या. आपण काहीतरी जपून ठेवण्यासारखं करतोय याची त्यांना जाणीव होती. मग त्यांना 'अजाणता चित्रं करणाऱ्या अनामिका' कुणी ठरवलं? मेनार्डींचा मुद्दा असा, की क्विल्टला कलेचा मान देताना तो चित्रकलेच्या मापानेच दिला गेला, आणि त्या मापात करणारी बाई बसेना म्हणून ती गळली.

हा निबंध मला पटतो. त्याच्या पुढे मी एकच गोष्ट जोडेन. 'अनामिक' हा क्विल्टचा गुणधर्म नव्हता, गोळा करण्याच्या पद्धतीचा परिणाम होता. उपकरणाने जे मोजलंच नाही, ते अस्तित्वातच नव्हतं असं आपण म्हणत नाही. इथे तसंच म्हटलं गेलं.

यावर उपाय होता, आणि तो पुढे केलाही गेला. १९८१ मध्ये 'केंटकी क्विल्ट प्रोजेक्ट' सुरू झाला. गावोगावी ठरलेल्या दिवशी लोकांना घरातल्या क्विल्ट घेऊन बोलवायचं, प्रत्येकीचा फोटो काढायचा, आणि कुणी शिवली, कधी, कुठल्या कापडाची, घरात कशी आली हे लिहून घ्यायचं. मग इतर राज्यांनीही हेच केलं. यात ग्लॅमर काहीच नाही, नुसती नोंद आहे. पण माझ्या मते क्विल्टच्या अभ्यासाला पांढऱ्या भिंतीइतकाच, कदाचित जास्तच, आधार या नोंदींनी दिला.

जीज बेंड : नाव आलं, पण शिडी राहिली

अॅलाबामा राज्यात, विलकॉक्स काउंटीत, नदीच्या एका मोठ्या वळणात जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीच्या काळातल्या मळ्यावर राबलेल्या लोकांचे वंशज तिथे राहतात. पेटवे हे मळामालकाचं आडनाव आजही अनेक कुटुंबांचं आडनाव आहे. तिथल्या बायकांच्या क्विल्टांचं प्रदर्शन २००२ मध्ये आधी ह्यूस्टनला आणि मग त्याच व्हिटनी म्युझियममध्ये भरलं. या वेळी प्रत्येक क्विल्टखाली नाव होतं. ३१ वर्षांत एवढी प्रगती झाली.

पण समीक्षेची भाषा बघा. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये मायकेल किमेलमन यांनी भरभरून लिहिलं, आणि लिहिताना आठवण काढली ती मातिस आणि पॉल क्ले यांची. कौतुक मनापासूनचं होतं. तरी वस्तू मोठी ठरवण्यासाठी ती कशासारखी दिसते, हेच पुन्हा सांगावं लागलं.

नुसत्या दिसण्याने काय सुटतं, याचं एक उदाहरण देतो. मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये शिवलेली एक क्विल्ट या संग्रहात आहे. निळसर, करड्या, तपकिरी रंगांचे मोठे तुकडे. पांढऱ्या भिंतीवर ती शांत, अमूर्त रचना वाटते. पण ती त्यांच्या वारलेल्या नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची आहे. त्याची आठवण राहावी, त्याच्या कपड्यांखाली झोपता यावं म्हणून केलेली. हे त्यांच्या मुलीने सांगितलेलं आहे. आता पुन्हा बघा. कामाच्या कपड्यातला निळा एकसारखा राहत नाही. जिथे ऊन लागतं, घासलं जातं तिथे विटतो. जिथे कापड झाकलेलं असतं तिथे गडद राहतो. भिंतीवर ज्या रंगछटा आपण 'निवड' म्हणून वाचतो, त्यात एका माणसाच्या अंगमेहनतीची वर्षं आहेत. आणि तरी निवड आहेच, कारण कुठला विटका तुकडा कुठे, हे मिसूरी पेटवेंनीच ठरवलं. दोन्ही खरं आहे. नुसतं रंगाकडे बघणाऱ्याला पहिलं कळत नाही, नुसती कहाणी सांगणाऱ्याला दुसरं.

आता शिडीची उलटी बाजू. १९६६ मध्ये नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात याच काउंटीत 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही बायकांची सहकारी संस्था उभी राहिली. मोठ्या शहरांतल्या दुकानांना माल द्यायचा, तर ठरलेला पॅटर्न, ठरलेलं माप, एकसारखे टाके लागत. १९७२ मध्ये सिअर्स कंपनीकडून कॉर्डरॉयच्या उशांच्या खोळींचं काम मिळालं. त्यातून हाती पैसा आला, आणि तो गरजेचा होता. पण एकसारखेपणा कुठून आला ते लक्षात घ्या : बाजारातून. घरी मात्र त्याच कामातल्या उरलेल्या कॉर्डरॉयच्या चिंध्यांतून बायकांनी स्वतःला हव्या तशा क्विल्ट केल्या, आणि त्यांतल्याही काही पुढे म्युझियममध्ये गेल्या. 'परंपरा म्हणजे ठरीव साचा' असं आपल्याला वाटतं, तेव्हा आपण अनेकदा बाजाराचा साचा परंपरेच्या नावावर टाकत असतो.

आणि 'कला' ठरल्यावर पैसा वाढला, तेव्हा मालकीचे प्रश्नही आले. २००७ मध्ये तिथल्या काही क्विल्टकार बायकांनी क्विल्ट गोळा करणाऱ्या कुटुंबाविरुद्ध खटले भरले. २००८ मध्ये ते मिटले. कोण बरोबर, यात मी पडत नाही. पण वरच्या पायरीवर वस्तू चढली म्हणून ती करणारीही आपोआप चढते असं नाही, एवढं यातून दिसतं.

कवंदी : कंट्रोल कुठाय?

तिसरा प्रसंग आपल्या शेजारचा. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळच्या बाजूला सिद्दी समाज राहतो. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज त्यांच्यात आहेत. तिथल्या बायका 'कवंदी' शिवतात. जुन्या साडीवर कडेपासून सुरुवात करून, ठिगळं लावत, धावदोऱ्याने गोल फिरत मध्यापर्यंत येतात. चार कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची 'फुलं' लावतात, त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत.

कवंदीचा आणि जीज बेंडच्या क्विल्टचा फोटो शेजारी ठेवा. दोन्हीकडे आफ्रिकी वंशाच्या बायका, दोन्हीकडे ठळक रंगांच्या पट्ट्या, दोन्हीकडे वाकड्या कडा. मन लगेच म्हणतं, हे आफ्रिकेतून आलंय! मीही असंच म्हटलं होतं, आणि मित्राला फोटो पाठवूनही मोकळा झालो होतो.

मग मावशींची वाकळ आठवली. लुगड्याचा पाया, ठिगळं, धावदोरा. साताऱ्याची वाकळ, कर्नाटकातली कौदी, सिद्दींची कवंदी : पद्धत जवळची, आणि 'कौदी', 'कवंदी' हे शब्दही जवळचे. म्हणजे शिवण्याचं तंत्र दख्खनचंच असावं असं मानायला चांगलं कारण आहे. मग आफ्रिकेचा वाटा शून्य? तसंही म्हणता येत नाही. रंगांच्या निवडीत, मांडणीच्या तालात काही वेगळं असू शकेल. पण ते ठरवायचं तर सिद्दींची कवंदी अमेरिकेशी ताडून चालणार नाही. ती त्याच तालुक्यातल्या सिद्दी नसलेल्या शेजारणीच्या कौदीशी ताडावी लागेल. तो तुमचा कंट्रोल. जुने कपडे, पट्ट्यांत फाटणारं कापड, थंडी आणि गरिबी जिथे जिथे आहेत, तिथे तिथे सारखी दिसणारी पांघरुणं होणारच. सारखं दिसण्याला समान पूर्वज हे एक कारण झालं, समान अडचण हे दुसरं.

हीच गोष्ट १९७१ च्या प्रदर्शनाला लागू होते. क्विल्ट अमूर्त चित्रासारखी दिसते, कारण सरळ रेषेत कापलेलं कापड सरळ रेषेतच जोडायला सोपं जातं. चित्रकार तिथे वेगळ्या वाटेने पोचला. भेट झाली ती दिसण्याच्या पातळीवर.

मग नवशिक्याने काय करायचं?

माझं म्हणणं असं : 'हस्तकलेपासून कलेपर्यंत' ही वाट शिवणाऱ्या बाईने चाललेली नाही, बघणाऱ्याने चाललेली आहे. ती वाकळ होती तिथेच आहे. आपली नजर बदलली, आणि आपण तो तिचा प्रवास म्हणून लिहिला.

यावर एक रास्त आक्षेप येईल. फेथ रिंगगोल्ड यांच्यासारख्या चित्रकार मुद्दाम क्विल्टकडे वळल्या, त्यांची १९८८ ची 'टार बीच' ही चित्र आणि क्विल्ट एकत्र करणारी कलाकृती भिंतीसाठीच केलेली आहे. तिला आणि पांघरायच्या वाकळीला एकच म्हणायचं का? नाही. हेतू वेगळे आहेत आणि ते वेगळे म्हणावेत. फक्त वेगळेपणाला उंची समजू नये. आणि रिंगगोल्ड यांना शिवणकाम आईकडून मिळालं होतं, हेही विसरू नये.

तुम्ही संशोधनाच्या दारात उभे आहात, म्हणून हे तुमच्या कामाला जोडून सांगतो. तंत्र आधी शिका, हा सल्ला माना. माझे तेवीस सूत तंत्रानेच सापडले. पण तंत्र शिकतानाच प्रत्येक पावलाला विचारा की इथे निर्णय कुणी घेतला आणि का. प्रोटोकॉलमध्ये '३० मिनिटं' लिहिलंय, ती ३०च का? लिटरेचर रिव्ह्यू करताना निष्कर्षाआधी सॅम्पल कसं निवडलं ते वाचा. दोन आलेख सारखे दिसले तर आनंद व्हायच्या आधी कंट्रोल शोधा. जमलं तर, ज्याच्यावर लिहिताय ते एकदा स्वतःच्या हाताने करून बघा. मी ती रांग शिवली नसती, तर मावशींच्या पद्धतीतलं शहाणपण मला 'साधेपणा' वाटलं असतं.

आणि नाव. इथे मला माझीच चूक सांगायची आहे. विज्ञान दिनाला डिपार्टमेंटमध्ये मी एरर प्रोपगेशनवर पोस्टर लावलं होतं. एका बाजूला माझी आखूड रांग, दुसऱ्या बाजूला मावशींच्या वाकळीचा फोटो. माझ्या फोटोखाली माझं नाव. त्यांच्या फोटोखाली मी लिहिलं होतं, 'पारंपरिक गोधडी, महाराष्ट्र'. १९७१ च्या प्रदर्शनाबद्दल वाचून महिनाही झाला नव्हता. मावशी चहाचे कप न्यायला आल्या, पोस्टरसमोर थांबल्या, आणि म्हणाल्या, "ही माझी हाय की. म्हाराष्ट्राची कधी झाली?"

त्याच दुपारी मी लेबल बदललं : त्यांचं नाव, गाव, शिवल्याचं वर्ष, कापड कुठलं. कापड त्यांनीच सांगितलं. दोन लुगडी सासूबाईंची, निळा शर्ट थोरल्याचा शाळेचा. हा लेख लिहिण्याआधी त्यांना विचारलं, इथे नाव घालू का? म्हणाल्या, "तिथं असू दे, इंटरनेटवर नको." म्हणून इथे नाव नाही. ते त्यांनी ठरवलंय.

माझी रांग अजून आखूडच आहे. उसवायची नाही असं ठरवलंय. तीन इंचाची जागा उरली आहे, आणि तिथे काय बसेल ते या रविवारी मावशींच्या समोर बसून बघणार आहे.